जिथं एक सोलापूरकर विसावला आहे

चीनचा प्रवास म्हटला की बीजिंग, शांघाय आणि ती प्रचंड भिंत, एवढंच डोळ्यांपुढे येतं. आमच्याही घरी बेत तसाच ठरत होता. पण सासूबाई पडल्या सोलापूरच्या! नकाशावर बोट फिरवत त्या म्हणाल्या, ‘‘अगं, आपले कोटणीस डॉक्टर आहेत ते गाव यात कुठंय? तिथं जायचं नसेल, तर मी आपली घरीच बरी.’’

ते गाव म्हणजे शिजियाझुआंग, हपै प्रांताची राजधानी. पर्यटकांच्या यादीत त्याचं नाव क्वचितच असतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते एक खेडं होतं. दोन रेल्वेमार्ग तिथं मिळाले आणि खेड्याचं मोठं औद्योगिक शहर झालं.

कोटणीसांची आठवण

जपानने चीनवर आक्रमण केलं, तेव्हा १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक मदतीला गेलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. युद्धाच्या धामधुमीत त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. क्वो छिंगलान या परिचारिकेशी विवाह केला. मुलाचं नाव ठेवलं यिन्ह्वा. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘ह्वा’ म्हणजे चीन. मूल काही महिन्यांचं असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी डॉक्टर गेले. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला, तो जुन्या पिढीला आठवतच असेल.

त्यांची समाधी आणि पुतळा शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मारक उद्यानात आहे. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचीही समाधी तिथंच आहे. मात्र ‘कोटणीस’ म्हणून विचाराल तर कुणालाच कळणार नाही. तिथं त्यांचं नाव आहे ‘ख दीह्वा’. ते चिनी लिपीत कागदावर लिहून घ्या आणि टॅक्सीवाल्याला दाखवा.

आणखी काय पाहाल?

शहराच्या उत्तरेला जवळच चंगतिंग हे जुनं गाव आहे. तिथल्या लुंगशिंग मंदिरात अनेक हातांच्या करुणादेवीची, म्हणजे क्वानयिनची, ब्राँझची मूर्ती आहे. इ. स. ९७१ मध्ये घडवलेली ही मूर्ती वीस मीटरहून उंच आहे. आग्नेयेला चाओ जिल्ह्यात चौदाशे वर्षांपूर्वीचा दगडी पूल आहे. ३७ मीटरचा पल्ला त्याने एकाच कमानीत गाठला आहे. हे सगळं पाहायला दोन दिवस पुरतात.

कसं जाल?

व्हिसा आधी काढावा लागतो. २०२० पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. बीजिंगच्या पश्चिम स्थानकावरून वेगवान गाडीने सुमारे सव्वा तासात शिजियाझुआंगला पोहोचता येतं. तिकिटासाठी आणि स्थानकात शिरताना पासपोर्ट लागतो, तो हाताशीच ठेवा.

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो आणि हवाही धुरकट असते. १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा टाळा, कारण तेव्हा सारा देशच प्रवासाला निघतो.

बहुतेक व्यवहार मोबाइलवरून होतात. म्हणून अलिपे किंवा वीचॅट घरूनच फोनवर घेऊन आपलं कार्ड जोडून ठेवा. तिथं व्हॉट्सॲप आणि गूगल एरवी चालत नाहीत. तेव्हा घरच्यांशी कसं बोलायचं ते निघण्यापूर्वीच ठरवा. शाकाहारी असाल तर ‘वो छर सू’ म्हणजे ‘मी शाकाहारी आहे’ एवढं पाठ करा. तरीही रस्सा मांसाचा आहे का, हे विचारून घ्यावंच.

आमची तिकिटं सप्टेंबरची काढली आहेत. सासूबाईंनी कडक भाकरी आणि शेंगांची चटणी आत्तापासूनच यादीत लिहून ठेवली आहे. फुलं मात्र तिथंच घ्यायची ठरली. परवा यांनी विचारलं, ‘‘आई, एवढ्या लांब जाऊन नुसता नमस्कारच करायचा ना?’’

त्या म्हणाल्या, ‘‘ऐंशी वर्षं होऊन गेली. गावाकडचं कुणीतरी भेटायला नको का?’’