काठावरची माणसं

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा; म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. तारापूरच्या दक्षिणेला, समुद्रकाठच्या माझ्या आजोळी हा हिशेब पोराटोरांनाही तोंडपाठ असे. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस. पाण्याला ओढ नसते, डोल जाळ्याला मासळी लागत नाही आणि होड्या काठाला विसावतात. माणसं घरी आणि ओहोटी भर दुपारी, असा योग जुळला की ओल्या, टणक वाळूवर क्रिकेट सुरू होई. षटकं किती टाकायची हे समुद्रच ठरवी. पाणी सीमारेषेला भिडायच्या आत दोन्ही डाव उरकायचे, एवढा एकच नियम सगळ्यांना मान्य होता.

मी लहान, म्हणून मला खेळायला घेत नसत. मी आजोबांच्या शेजारी बसून बघे. आजोबा होडीच्या सावलीत जाळं तुणत बसलेले असत. हात चालू, नजर मात्र खेळावर. सीमारेषेवरून कुणी लांबलचक फेक केली की त्यांचे हात थांबत. ‘याचा हात जाळ्याचा आहे,’ असं ते म्हणत. तो पोरगा आपल्या गावचा की पलीकडच्या आळीचा, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. रात्री जेवताना मात्र ते त्या फेकीविषयी बोलत आणि आजीही ती स्वतः पाहिल्यासारखी ऐके. कुणाच्या तरी हातातलं कसब असं घरभर, जेवणाच्या ताटापर्यंत येऊ शकतं, हे मला तिथे कळलं.

लहानपणी पाहिलेल्या खेळांविषयी आपण बोलतो तेव्हा नेहमी खेळाडूंची नावं घेतो. मला वाटतं, आपल्याला घडवणारी माणसं मैदानाच्या मधोमध कमी आणि काठावर जास्त होती. खेळाडू दूर असतो. आपल्या मांडीला मांडी लावून जो बसलेला असतो, त्याच्याकडूनच आपण हरणं, जिंकणं आणि दुसऱ्याचं मोठेपण मान्य करणं शिकतो.

आमचं घर बोईसरला. बाबा एमआयडीसीत कामाला. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी यांवर घरातलं जेवण, झोप आणि टीव्हीचा आवाज ठरे. 1969 मध्ये तारापूरला अणुवीज केंद्र सुरू झालं, मग कारखाने वाढले आणि साऱ्या देशातली माणसं इथे येऊन राहिली. त्यामुळे आमच्या चाळीत सामना बघायला जमणाऱ्यांत मराठीइतकीच हिंदी, मल्याळम आणि बंगाली ऐकू येई. आपापल्या गावापासून तुटलेल्या त्या माणसांना एका खोलीत, एका चटईवर आणणारी दुसरी गोष्ट मला आठवत नाही.

13 मार्च 1996. विश्वचषकाचा उपांत्य सामना, कोलकात्याचं ईडन गार्डन्स. श्रीलंकेपुढे भारत 8 बाद 120. गॅलरीत कागद पेटले, मैदानात बाटल्या आल्या. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला आणि विनोद कांबळी रडत बाहेर पडला. आमच्या खोलीतही आवाज चढले होते. कुणीतरी शिव्या देत उठून गेलं. मला पराभवापेक्षा त्या ज्वाळांची भीती वाटली. काल ज्यांना डोक्यावर घेतलं, त्यांच्यावर माणसं बाटल्या फेकू शकतात, हे त्या वयात पचायला जड होतं.

मग 31 जानेवारी 1999 आला. रविवार होता, बाबांना सुट्टी होती. चेन्नईला पाकिस्तानविरुद्धची कसोटी, विजयाला 271 हव्यात. पाठीच्या कळा सोसत सचिननं 136 धावा केल्या. अवघ्या 17 धावा उरल्या असताना सकलेन मुश्ताकच्या चेंडूवर त्याचा उंच फटका वसीम अक्रमनं झेलला. पुढच्या चार धावांत उरलेले तिघे गेले. बारा धावांनी हार. खोलीत कुणी बोलेना. बाबा हळूच म्हणाले, ‘बॉल चांगला होता त्याचा.’ एवढंच. आणि तेवढ्यात पडद्यावर चेपॉकचं मैदान उभं राहिलेलं दिसलं. हजारो माणसं टाळ्या वाजवत होती, पाकिस्तानचा संघ मैदानाला फेरी मारत होता. आमच्या खोलीतलेही एकेक करून टाळ्या वाजवू लागले. माझे डोळे भरून आले. ते पराभवानं आले की त्या टाळ्यांनी, हे मी अजूनही वेगळं करू शकत नाही.

पुढच्या आयुष्यात अपयश यायचं ते आलंच. नोकरीत माझ्या मागून आलेला पुढे गेला, तेव्हा मनात पहिल्यांदा उमटलं ते बाबांचं वाक्य. ‘चांगला होता त्याचा.’ ते वाक्य मनात आलं म्हणून मी त्याचं अभिनंदन करायला गेलो. शाळेतल्या मूल्यशिक्षणाच्या तासांनी मला हे दिलं नव्हतं.

लहानपणी याच मातीत कबड्डीही पाहिली. फक्कीनं आखलेल्या रेषा, बांबूला बांधलेले हॅलोजन, भोंग्यावरून चढाई-चढाईचं समालोचन. दिवसभर मासळी विकून, भात कापून आलेल्या बायका पुढच्या रांगेत बसत. पाहुण्या संघाचा पोरगा चढाईला येऊन तिघांच्या पकडीतून मध्यरेषेला हात लावून गेला की त्या आधी हळहळत आणि मग मोकळेपणानं ‘भले रे!’ म्हणत. अंग मोडेस्तोवर राबणाऱ्यांना दुसऱ्याच्या कष्टाची किंमत लगेच कळते, हे त्यांच्या आवाजात होतं.

आमच्या भागाची सगळ्यांत मोठी क्रीडाकथाही अशाच एका काठावरच्या माणसाची आहे. बोईसरच्या तारापूर विद्यामंदिरचा एक मुलगा बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेविरुद्ध खेळला. त्यानं 78 धावा केल्या आणि पाच बळीही घेतले. समोरच्या शाळेचे प्रशिक्षक होते दिनेश लाड. आपल्या मुलांना ज्यानं सतावलं, त्याच्याकडे बघून त्यांना राग आला नाही. त्यांना त्याचा खेळ दिसला. पालघर ते बोरिवली हा रोजचा प्रवास मुलाला झेपणार नाही म्हणून त्यांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. पुढे हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेत त्यानं एका षटकात सहा षटकार मारले. तो शार्दूल ठाकूर.

2018 मध्ये हैदराबादला त्याचं कसोटी पदार्पण दहा चेंडूंत दुखापतीनं संपलं. पुढची कसोटी मिळाली ती थेट जानेवारी 2021 मध्ये, ब्रिस्बेनला. 6 बाद 186 अशा अवस्थेत तो आला, पॅट कमिन्सला षटकार मारून खातं उघडलं, 67 धावा केल्या आणि वॉशिंग्टन सुंदरबरोबर 123 धावा जोडल्या. दोन्ही डावांत मिळून सात बळी घेतले. 1988 पासून ऑस्ट्रेलिया त्या मैदानावर हरला नव्हता. त्या कसोटीत तो संघ हरला. ती भागीदारी झाली त्या रविवारी सकाळी पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव इथल्या घराघरांत लोक टीव्हीपुढे बसले होते, आणि ज्यांनी त्याला पाठीवर किट घेऊन फलाटावर उभं पाहिलं होतं ते आपापल्या मुलांना ते सांगत होते.

त्या षटकारांचं श्रेय त्याचंच. पण मला त्या प्रत्येक फटक्यामागे सीमारेषेवर उभे असलेले एक प्रशिक्षक दिसतात. त्या दिवशी त्यांनी फक्त आपल्याच शाळेच्या मुलांकडे पाहिलं असतं, तर ही गोष्ट बोईसरच्या मैदानावरच थांबली असती. प्रतिस्पर्ध्याचे गुण पाहता येणं हीसुद्धा कमावण्याची गोष्ट आहे, आणि ती लहानपणी, कुणाच्या तरी शेजारी बसूनच कमावली जाते.

आता प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा आहे. मुलं सामने बघतात, पण एकेकटी. त्यांच्या शेजारी जाळं तुणणारे आजोबा नाहीत, पाळीवरून आलेले बाबा नाहीत, ‘भले रे!’ म्हणणाऱ्या बायका नाहीत. हरल्यावर काय करायचं ते त्यांना कोण दाखवणार? म्हणून माझं एक मागणं आहे. पुढचा सामना मुलांबरोबर एकत्र बसून पाहा. गावात कबड्डी असेल तर त्यांना घेऊन जा, आणि समोरच्या संघातल्या पोरानं चांगला झेल घेतला, चांगली चढाई केली, तर त्याला मोठ्यानं दाद द्या. मुलं ती ऐकत असतात आणि आयुष्यभर जवळ ठेवतात.