ऐवज, टप्पा, पसारा

मराठीतला 'आकार' हा शब्द दोन गाड्या एकदम ओढतो. गणपतीच्या मूर्तीचा आकार म्हणजे तिचे रूपही आणि तिचे मापही. साहित्यचर्चेत या ढिलाईने फारसे बिघडत नाही. आपण 'आकृतिबंध' वगैरे शब्द घडवून वेळ निभावून नेतो. पण गेल्या वर्षी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीने समांतर संगणनावरची आपली मराठी टिपणे भाषा तपासायला माझ्याकडे दिली, तेव्हा या एका शब्दापाशी आम्ही दोघी तीन संध्याकाळी अडलो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी ती टिपणे होती. त्यांत 'साइझ'साठी आकार, 'एक्स्टेंट'साठी विस्तार आणि 'ट्रू एक्स्टेंट'साठी खरा विस्तार असे शब्द योजले होते. वाचून माझा पहिला प्रश्न होता, मग आधीचा विस्तार खोटा का?

विषय असा. एकच मोठे गणित अनेक प्रक्रियांनी वाटून घ्यायचे, आणि प्रत्येक प्रक्रियेची स्मृती स्वतंत्र. शेजारणीच्या स्मृतीत कोणी डोकावू शकत नाही. हवे ते निरोपानेच मागायचे आणि पाठवायचे. पुण्यात सी-डॅकने १९९१ साली उभा केलेला 'परम ८०००' याच जातीचा होता. त्या काळी निरोप धाडण्याच्या रीती यंत्रागणिक वेगळ्या असत. १९९४ साली 'एमपीआय' हे मानक आले आणि एक सामाईक बोली ठरली. या बोलीत नुसते 'हे पाठव' म्हणून भागत नाही. पाठवायचा माल स्मृतीत कुठे कुठे पडला आहे, याचा नकाशा द्यावा लागतो. हा नकाशा म्हणजे 'डेटाटाइप': कोणत्या जातीचे मूल्य, आरंभापासून किती अंतरावर, अशा जोड्यांची माळ.

आता या नकाशाला विचारायचे, तू केवढा? आणि इथे उत्तरे तीन येतात.

एक आठ बाइटांची दशांश संख्या आणि तिच्यामागे एका बाइटाचे अक्षर, अशी जोडी घ्या. माल नऊ बाइटांचा. पण पुढच्या जोडीतली संख्या आठाच्या पटीतल्या पत्त्यावर बसवायची असेल, तर मधले सात बाइट रिकामे सोडावे लागतात. म्हणून एक जोडी सोळा बाइट अडवते. अशा शंभर जोड्या पाठवल्या तर माल नऊशे बाइटांचा आणि व्यापलेली जागा सोळाशेंची. खिळे जुळवून छापण्याचा काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. दोन शब्दांमधली कोरी जागासुद्धा जुळाऱ्याला शिशाचा तुकडा घालूनच राखावी लागे. कागदावर तो उमटत नसे, पण ओळीत त्याची जागा असे. किती जागा कोरी सुटणार हे यंत्रावर आणि कंपायलरवर अवलंबून असल्यामुळे ते मनाने गृहीत धरायचे नाही, मानकाने दिलेल्या फलनाला विचारायचे.

इथवर 'आकार' आणि 'विस्तार' चालून गेले असते. घोळ पुढे आहे. दहा ओळी आणि दहा स्तंभांचा संख्यांचा तक्ता सी भाषेत ओळीमागून ओळ असा स्मृतीत पडतो. त्यातला एक स्तंभ उचलायचा तर दर दहावी संख्या घ्यायची. माल ऐंशी बाइटांचा. पण पहिल्या संख्येच्या आरंभापासून शेवटचीच्या अखेरपर्यंत एक्याण्णव घरे, म्हणजे ७२८ बाइट. विद्यार्थी म्हणतो, असे दोन स्तंभ पाठवा. यंत्र पहिला नीट पाठवते आणि दुसऱ्यासाठी ७२८ बाइट पुढे जाऊन उभे राहते: शेवटच्या ओळीतल्या दुसऱ्या घरावर. तिथून नऊ उड्या तक्त्याबाहेर. कधी प्रोग्राम कोसळतो, कधी कोसळतही नाही, आणि कचऱ्याची बेरीज निमूटपणे उत्तरात मिसळते.

म्हणजे 'एक्स्टेंट' हे वस्तूने व्यापलेल्या जागेचे माप नव्हेच. एक नग संपल्यावर दुसरा कुठे सुरू धरायचा, त्याचे ते पाऊल आहे. दुसरा स्तंभ पहिल्यापासून फक्त आठ बाइटांवर सुरू होतो. म्हणून 'रिसाइझ्ड' या फलनाने ते पाऊल आठाचे करून घेतात. मग माल ऐंशी आणि 'विस्तार' आठ, अशी भाषेच्या दृष्टीने हास्यास्पद स्थिती येते. मानकाला मात्र ती पूर्ण मान्य आहे. आणि म्हणूनच तिसऱ्या प्रश्नाची गरज पडते: पाऊल कसेही ठरवले असो, माल प्रत्यक्षात कुठून कुठवर पसरला आहे? तो 'ट्रू एक्स्टेंट', अजूनही ७२८. दोन स्तंभांसाठी जागा राखायची तर ७२८ अधिक आठ, म्हणजे ७३६ बाइट. दोन पावले म्हणून सोळा बाइट राखणाऱ्याची गत काय होईल ते सांगायला नको.

मी सुचवले: ऐवज, टप्पा, पसारा. मैत्रिणीने ऐवज आणि पसारा लगेच उचलले. 'टप्पा'ला ती कचरली, कारण स्तंभातल्या दोन संख्यांमधल्या उडीलाही मुले तोच शब्द वापरतील. तिचे बरोबर होते. पण 'विस्तार' ठेवून आठात ऐंशी मावतात असे मुलांना सांगण्यापेक्षा मला तो गोंधळ परवडणारा वाटला. शेवटी त्या आतल्या उडीला 'उडी'च म्हणायचे ठरले. संस्कृत नसलेला शब्द शास्त्रात शोभत नाही, ही आपली भीती किती जुनी आहे!

मला सर्वांत विचारात पाडले ते मात्र 'सिग्नेचर'ने. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा नकाशा एकच असावा लागत नाही; जुळावी लागते ती फक्त मूल्यांच्या जातींची क्रमवारी. इकडून स्तंभ म्हणून पाठवलेल्या दहा संख्या तिकडे सलग ओळ म्हणून उतरवून घेता येतात. जुन्या पोथ्यांत ओव्या सलग लिहिलेल्या असत, आणि छापील आवृत्त्यांत त्याच चरणागणिक तोडून येतात. ओवीच्या बाबतीत हे आपण सहज मान्य करतो, कारण तिची तोड यमकाने कानाला कळते. मुक्तछंदातल्या कवितेची ओळ सलग करून पाहा. शब्दांचा क्रम तसाच राहतो आणि कविता जाते. मानकाच्या लेखी या दोन्ही प्रती एकमेकींशी जुळतात. आपल्या पाठचिकित्सेच्या वर्गात मी त्या जुळू देणार नाही. आणि तरीही मांडणी निरोपात जात नाही, ती दोन्ही टोकांना आधीच ठाऊक असावी लागते, हे वाचताना मला मोडी आठवली: शिरोरेघ आधी ओढून शब्दांत जागा न सोडता लिहिलेली, कुठे तोडायचे ते वाचणाराच जाणे.

टिपणांच्या शेवटी आणखी दोन फलने आहेत. हाती आलेला प्रकार कोणत्या रीतीने घडवला, हे पहिले सांगते. त्यासाठी किती अंक, किती पत्ते, किती पोटप्रकार लागले, तेही. त्याचे नाव 'एन्व्हलप'. दुसरे ते सगळे बाहेर काढून देते. पोटप्रकार निघाला तर त्यालाही हाच प्रश्न विचारायचा, असे करत मूळ प्रकारापर्यंत उतरायचे. त्याच्या पोटातले मागितले तर ती चूक धरली जाते. 'एन्व्हलप'साठी पारिभाषिक शब्द शोधायला आम्ही बसलोच नाही. लिफाफा लिहून टाकले.