दोनशे कुना

भूमध्य समुद्राच्या सफरीला निघालो, त्याच्या आदल्या रात्री ताईने माझ्या हातात एक नोट ठेवली. दोनशे कुना! २०१८ साली ती भाऊजींबरोबर क्रोएशियाला गेली होती. पुढे भाऊजी वारले, आणि त्यांच्या पाकिटात ही नोट निघाली.

"यातून मला काहीतरी आण," ती म्हणाली.

बोटीवर रोख पैशाचे काम नसते. सारे खात्यावर मांडतात. पाकीट उघडावे लागते ते बंदरात. दुब्रोव्निकला नोट पुढे करताच दुकानदारीणबाई हसल्या. १ जानेवारी २०२३ पासून तिथे युरो चालतो. नोट बदलून मिळते, पण झाग्रेबच्या राष्ट्रीय बँकेत. आणि झाग्रेबला काही बोट जात नाही!

हिशेबाने त्या नोटेचे साडेसव्वीस युरो होत. तेवढ्यात बसतील अशा लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या घेतल्या. कार्डाच्या यंत्राने विचारले, रुपये की युरो? माझे बोट रुपयांकडे वळले.

"अहो, युरो दाबा! रुपये म्हटले की दर त्यांचा," सौ. म्हणाली.

घरी ताईने पुरचुंडी हुंगली. "त्याच नोटेची ना?"

"हो," मी म्हटले.

नोट माझ्या शब्दकोशात आहे.