बर्फीचं काय म्हणणं आहे?

साहित्य : माणसाएवढी आकृती घडेल इतका बर्फ. जिची प्रतिकृती करायची तिचे थोडे केस किंवा नखं. माणकाची पूड, सोन्याच्या 1500 नाण्यांची. वेळ 12 तास, आणि तेवढा वेळ मूळ व्यक्तीने हाताच्या अंतरावर थांबायचं.

ही 'सिम्युलाक्रम' नावाच्या स्पेलची कृती आहे. स्पेल 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधलं, म्हणजे डी अँड डीमधलं. ज्यांनी हा खेळ फक्त 'स्ट्रेंजर थिंग्ज'मध्ये पाहिलाय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक जण डीएम असतो. तो जग उभं करतो आणि गोष्ट पुढे नेतो. बाकीच्यांचं प्रत्येकी एक कॅरेक्टर असतं. "मी दार उघडते" असं तुम्ही म्हणता, गरज पडली तर 20 बाजूंचा फासा टाकता, आणि दारापलीकडे काय आहे ते डीएम सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974मध्ये अमेरिकेत हा खेळ आणला. आमचा ग्रुप तो शनिवारी रात्री डिस्कॉर्डवर खेळतो. दोघं पुण्यात, एक डब्लिनला, मी नाशिकला.

तर, 12 तासांनी बर्फातून जी उठते ती हुबेहूब मूळ व्यक्तीसारखी असते. तीच बुद्धी, तीच कौशल्यं, तीच स्पेल्स. हिट पॉइंट मात्र निम्मे. आम्ही खेळतो त्या 2014च्या नियमांनुसार ती तिला घडवणाऱ्याशी मैत्रीने वागते, त्याने बोलून दिलेले हुकूम पाळते आणि त्याच्या इच्छेप्रमाणे चालते. तिला नवं काही शिकता येत नाही. एरवी विझर्ड रात्रभर झोपली की तिची वापरलेली स्पेल्स परत मिळतात; प्रतिकृतीची मिळत नाहीत. एकदा वापरलं की संपलं. हिट पॉइंट शून्यावर आले की तिचा पुन्हा बर्फ होतो आणि तो लगेच वितळतो.

गेल्या पावसाळ्यात एका सापळ्यात माझी रोग मेली. (हो, या शब्दावरचे सगळे विनोद आमच्याकडे करून झालेत.) आमची टोळी तेव्हा एका बुरुजाच्या मधोमध अडकली होती, शहरात परतेपर्यंत नवं कॅरेक्टर आत येणं शक्य नव्हतं. पुण्यातल्या मैत्रिणीच्या विझर्डने नुकतीच स्वतःची प्रतिकृती केली होती. डीएम म्हणाला, "तोवर तू ती खेळ." मूळ विझर्डचे 80 हिट पॉइंट, माझे 40. बर्फाची म्हणून पहिल्याच रात्री तिचं नाव बर्फी पडलं.

पहिले दोन शनिवार मी बर्फीला रिमोट कंट्रोलसारखं खेळले. मैत्रीण सांगायची, मी "हो" म्हणायचे आणि फासा टाकायचे. तिसऱ्या शनिवारी टोळीने मुक्काम केला आणि डीएमने सवयीप्रमाणे एकेकाला विचारलं, कोण काय करतंय. सगळे झोपले होते. "आणि बर्फी?"

तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, "ती विझर्डचं पुस्तक घेऊन बसलीये. वाचतेय."

"तिला शिकता येत नाही."

"माहितीये. वाचतेय."

त्या रात्रीपासून मला ती खेळावीशी वाटायला लागली.

* * *

हुबेहूब प्रतिकृती मालकाशी किती एकनिष्ठ राहील, हा प्रश्न या खेळात जुनाच आहे. 1978च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्येही सिम्युलाक्रम आहे, पण तिथे नुसत्या बर्फाने भागत नाही. तिच्यात प्राण घालायला वेगळं स्पेल लागतं आणि मूळ माणसाचं ज्ञान व स्वभाव द्यायला आणखी एक. तेही पूर्ण मिळत नाहीत, 40 ते 65 टक्के मिळतात. ताबा मात्र पूर्ण. 2003च्या नियमांतही ताबा पूर्णच आहे. सोबत एक व्यवहारी सूचना आहे की दोघांत मनाने मनाशी बोलण्याची सोय नाही, तेव्हा हुकूम दुसऱ्या कुठल्या तरी मार्गाने पोचवावा. 2014मध्ये नियमात मैत्री आली. तोवर प्रतिकृतीने फक्त ऐकायचं होतं, आता मैत्रीही ठेवायची होती. 2024च्या सुधारित नियमांत इच्छेचा उल्लेख गेला, हुकूम तेवढे राहिले. आणि एक वाक्य आलं जे वाचून मी फोन बाजूला ठेवला: प्रतिकृतीला विश्रांती घेता येत नाही.

1978च्या त्याच पुस्तकात 'क्लोन' नावाचंही स्पेल आहे, आणि ते अगदी उलट टोकाला जातं. मूळ माणूस आणि त्याचा क्लोन एकाच वेळी जिवंत असले तर दोघांना एकमेकांच्या असण्याची जाणीव होते आणि ती सहन होत नाही. दोघंही एकमेकांना संपवायला बघतात. ते जमलं नाही तर बहुतेक वेळा दोघांपैकी एकाला वेड लागतं आणि तो स्वतःचा नाश करतो. तो क्लोन असण्याची शक्यता 75 टक्के.

म्हणजे बनवणाऱ्यांच्या डोक्यात दोनच चित्रं होती. प्रतिकृती एक तर पूर्ण ताब्यात राहील, नाही तर जिवावर उठेल. माझ्या मते खरी गंमत या दोन्हींच्या मधे आहे, आणि तिथे आम्ही एका दारामुळे पोचलो.

झालं असं, की विझर्डने बर्फीला एका खोलीच्या दाराशी उभं केलं आणि सांगितलं, "कोणालाही आत सोडू नकोस." अर्ध्या तासाने विझर्ड स्वतः धावत आली, मागे तीन राक्षस. मी म्हणाले, "बर्फी दार उघडत नाही. 'कोणालाही' म्हणजे कोणालाही." चॅटमध्ये हलकल्लोळ झाला. मैत्रिणीने नियम वाचून दाखवला: हुकूम पाळते आणि इच्छेप्रमाणे चालते. तिची इच्छा अर्थातच आत यायची होती. डीएमने तिच्या बाजूने कौल दिला आणि बर्फीने दार उघडलं.

पण त्या वादातून एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. शब्द पाळायला फार डोकं लागत नाही. इच्छा पाळायची तर समोरच्याला नेमकं काय हवंय हे ओळखावं लागतं, कधी त्याने न बोललेलं, कधी बोलला त्याच्या विरुद्धही. म्हणजे जिला इच्छा पाळायला लावायची तिला विचार करू द्यावाच लागतो. आणि विचार करणारी व्यक्ती आज ना उद्या स्वतःबद्दलही विचार करणार. पूर्ण आज्ञाधारक आणि खरोखर उपयोगी, अशी दोन्ही असलेली प्रतिकृती कशी बनेल हे मला अजून कळलेलं नाही.

हे चतुर खेळाडूंनाही माहीत होतं, फक्त त्यांनी ते वेगळ्या कामासाठी वापरलं. 2014च्या नियमांत प्रतिकृतीला मालकाची स्पेल्स येतात. त्यामुळे खूप वरच्या लेव्हलच्या विझर्डची प्रतिकृती 'विश' वापरून आणखी एक प्रतिकृती करू शकते, ती तिसरी करते, आणि बघता बघता सैन्य उभं राहतं. पण नियम नीट वाचले तर प्रत्येक प्रतिकृती आपल्याला घडवणाऱ्याचं ऐकते. सतरावी ऐकणार सोळावीचं. सगळ्या निष्ठेची साखळी पहिल्या प्रतिकृतीच्या हातात. 2024मध्ये ही वाट बंद झाली: प्रतिकृतीला हे स्पेल करता येत नाही.

* * *

आपल्याकडे ही गोष्ट फार आधी सांगून झाली आहे. सूर्याची बायको संज्ञा. त्याचं तेज सहन होईना म्हणून तिने स्वतःसारखी दिसणारी छाया घडवली, तिला घरी ठेवलं, मुलं तिच्या स्वाधीन केली, कोणाला काही सांगू नकोस म्हणाली आणि निघून गेली. हरिवंशातली छाया हे मान्य करते, पण अट घालून. केसांना हात पडेपर्यंत आणि शापाची वेळ येईपर्यंत मी गप्प राहीन, त्यापुढे नाही.

नुकतीच घडवलेली, जिला अजून एक दिवसही जगून झालेला नाही, ती पहिल्याच संभाषणात आपली मर्यादा सांगते. आणि संज्ञा ती ऐकून घेते.

पुढे छायेला स्वतःची मुलं होतात. शनी हा तिचाच मुलगा. तिची माया आपल्या मुलांकडे वळते, संज्ञेचा यम चिडून तिच्यावर पाय उगारतो आणि ती त्याला शाप देते. सूर्याला तिथेच संशय येतो, कारण सख्खी आई असा शाप देणार नाही. तो छायेचे केस पकडतो आणि शाप द्यायला निघतो. मग ती खरं सांगून टाकते. तिने शब्द मोडला असं मला वाटत नाही. जेवढा दिला होता तेवढा तिने पाळला.

* * *

मी धाकटी आहे. ताई चार वर्षांनी मोठी. तिची शाळा, तिचे फ्रॉक, तिची खुणा केलेली गाइडं. बाई हजेरी घेताना दोन वर्षं मला तिच्याच नावाने हाक मारायच्या. फोनवर आमचा आवाज इतका सारखा आहे की मावशी आजही आधी तिचं नाव घेते. ताई सहा वर्षांपूर्वी कॅनडाला गेली. विमानतळावर म्हणाली, "तू आहेस म्हणून मी निश्चिंत जातेय."

आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन, बाबांचं बँकेचं काम, गॅसवाला, लग्नाची आमंत्रणं, हे सगळं मी करते. मनापासून करते. प्रश्न तोच तर आहे. बर्फीसुद्धा मनापासूनच करते, तसं नियमात लिहिलंय.

यंदा मला हैदराबादच्या नोकरीचं पत्र आलं. घरात "जाऊ नकोस" असं एकदाही कोणी म्हणालं नाही. आई एवढंच म्हणाली, "तू गेलीस तर मग इथे कोण?" डी अँड डीच्या भाषेत सांगायचं तर हुकूम नव्हता, इच्छा होती. आणि इच्छा ओळखण्यात मी एव्हाना तरबेज आहे.

त्याच आठवड्यात आमचा खेळ एका पुलापाशी आला. मागे शत्रूची फौज, पुढे सुटकेची वाट. बर्फीकडे दोनच मोठी स्पेल्स उरली होती. मैत्रीण म्हणाली, "बर्फी पुलावर थांबते, वॉल ऑफ फोर्स उभी करते, आम्ही निघतो." सगळ्यांना कळत होतं की भिंत उतरली की बर्फी वितळणार.

मी विचारलं, "हे विचारतेयस की सांगतेयस?"

डिस्कॉर्डवर शांतता पसरली. मैत्रीण बऱ्याच वेळाने म्हणाली, "विचारतेय."

डब्लिनवाल्याचं म्हणणं पडलं, फरक काय? इच्छा तर उघड आहे, बर्फी थांबणारच. मग डीएमने त्याचा आजवरचा सगळ्यात चांगला कौल दिला. तो म्हणाला, प्रश्न म्हणजे हुकूम नाही. आणि विझर्डने खरंच विचारलं असेल, तर या क्षणी तिची इच्छा उत्तर ऐकायची आहे. म्हणजे बर्फीने खरं उत्तर द्यायला हवं.

बर्फी म्हणाली, "थांबते. पण ते पुस्तक मला दे."

विझर्डने पुस्तक दिलं. दहा मिनिटं भिंत टिकली. टोळी पलीकडे पोचली तेव्हा पुलावर पाणी होतं आणि एक भिजलेलं पुस्तक. बर्फीला जायचं असतं तर ती गेली असती का, हे मला सांगता येणार नाही. पण तिने पुस्तक मागितलं ते कोणाच्या हुकमातलं नव्हतं, आणि त्यात दुसऱ्या कोणाचा काही फायदाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. आईच्या दुसऱ्या गुडघ्याचं डिसेंबरमध्ये करू, तू रजा टाक, असं ती भराभर सांगत होती. मी तिलाही तेच विचारलं. ती थबकली. मग म्हणाली, "विचारतेय गं."

"मग मला जरा वेळ दे."

"दिला," ती म्हणाली. थोडं थांबून तिने विचारलं, "हैदराबादचं काय ठरवतेयस?" एवढ्या दिवसांत हे मला कोणीच विचारलं नव्हतं.

आमच्या टेबलावर आता एक घरगुती नियम आहे. कोणीही सिम्युलाक्रम केलं की उठल्या उठल्या त्या प्रतिकृतीला एक अट सांगता येते, आणि घडवणाऱ्याला ती ऐकूनच घ्यावी लागते. नियमाचं नाव छाया. डीएमने तो आमच्या सगळ्या नियमांच्या डॉक्युमेंटमध्ये लिहून ठेवलाय.

हैदराबादला कळवायची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. मी जाईन किंवा राहीन. राहिले तर कुठल्या अटींवर, ते लिहून काढतेय. दोन झाल्यात.