भुकेचे गुपित

घरात धान्य आहे, ताट वाढलेले आहे. तरीही समोर बसलेल्या माणसाला पहिला घास उचलवत नाही. ही अन्नावरची वासना उडणे नव्हे. भूक असते, पण खाण्याचीच भीती वाटते. दुसरा कुणी सारे घर झोपल्यावर हाताला येईल ते भराभर खातो आणि मग लाजेने ओकून टाकतो. हे दोन्ही मनाचे आजार होत. पहिल्याला लंडनचे वैद्य विल्यम गल यांनी १८७३ मध्ये 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव दिले. दुसऱ्याचे, म्हणजे 'बुलिमिया'चे, वर्णन जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये केले. आजाराला नाव मिळाले, तरी आजाऱ्याच्या कानी 'हट्टी आहे', 'नखरे आहेत' हेच येत राहिले.

हा खरोखर हट्ट असतो काय? अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवले होते. ते धडधाकट तरुण हळूहळू केवळ अन्नाचाच विचार करू लागले. पाककृतींची पुस्तके वाचू लागले, एकेक जेवण रेंगाळत खाऊ लागले, उदास आणि एकलकोंडे झाले. उपासमार मनालाही वेठीस धरते, ती अशी. अशा मनाला 'दोन घास खा' एवढे सांगून काय होणार?

अमेरिकेतच, इलिनॉय राज्यातील हायलंड पार्क येथे, व्हिव्हियन हॅन्सन मीहन या परिचारिकेने १९७६ मध्ये या रुग्णांसाठी एक संस्था सुरू केली. त्यांच्या स्वतःच्या मुलीला हा आजार होता. समदुःखी माणसांनी एकत्र बसावे आणि त्यासाठी पैसे पडू नयेत, ही त्यामागची कल्पना. अशा बैठकीची रीत त्याआधीची आहे. १९३५ मध्ये अक्रन शहरात मद्यपाशातून सुटू पाहणाऱ्यांनी ती घालून दिली होती आणि पुण्याच्या मुक्तांगणासारख्या व्यसनमुक्ती केंद्रांमुळे ती मराठी माणसालाही परिचित आहे. मात्र येथे एक मोठा फरक आहे. दारू सोडता येते. अन्न सोडता येत नाही. ज्याची भीती, त्याच्याच समोर दिवसातून दोन-तीन वेळा बसावे लागते.

म्हणून या बैठकींना निराळी शिस्त लागते. वजन किती, दिवसात किती खाल्ले, किती दिवस उपाशी राहिलो, हे आकडे बोलायचे नाहीत, असा नियम अनेक गटांत असतो. बाहेरच्याला तो विचित्र वाटेल. पण हा आजार मोठा मत्सरी आहे. दुसऱ्याचा आकडा ऐकला, की 'मी तर त्याच्याइतकाही आजारी नाही' असे मन म्हणू लागते आणि आधाराच्या जागी चढाओढ सुरू होते. आकडे वगळल्यावर उरते ते खरे बोलणे: लग्नाच्या पंगतीत काय सांगून ताट टाळले, उपवासाच्या नावाखाली किती काळ लपवले, आईची नजर कशी चुकवली. असे काही ऐकताच समोरचा मान हलवतो. त्याला स्पष्टीकरण लागत नाही. वर्षानुवर्षे जपलेले गुपित तेथे प्रथमच गुपित राहत नाही. डॉक्टर पुष्कळ काही देऊ शकतात, ही मान हलवणे मात्र अनुभवी माणसाकडूनच मिळते.

तरीही बैठक म्हणजे औषधोपचार नव्हे. वारंवार ओकाऱ्या काढल्याने रक्तातील पोटॅशियम घटून हृदयाची लय बिघडू शकते. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाऊ घालणेही जिवावर बेतू शकते. प्रसिद्ध अमेरिकन गायिका कॅरन कारपेंटर १९८३ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, या आजारापायी हृदय बंद पडून गेली. चांगला गट म्हणूनच नव्या माणसाला आधी विचारतो, "डॉक्टरांना दाखवलेस का?"

बरे झाल्यावरही काही जण बैठकीला येत राहतात. पहिल्या दिवशी दाराजवळची खुर्ची धरून, केव्हाही उठून जाता यावे असा बसणारा कुणी मुलगा किंवा मुलगी पुन्हा येणार असते. त्याच्या शेजारी कुणीतरी बसलेले असावे, म्हणून.