स्वस्त तिकीट आणि शिक्क्याची खिडकी

डब्लिनमध्ये शिकणारा मुलगा सुटीत पॅरिसला निघतो. रायनएअरचं तिकीट स्वस्तात मिळालेलं, ऑनलाइन चेक-इन झालेलं, आयर्लंडचं निवास कार्ड खिशात. तरी त्याला विमानात चढू देत नाहीत. आयर्लंड युरोपीय संघात असला तरी शेंगेन व्यवस्थेत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर फ्रान्सला जायचं तर शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो. जतमध्ये तिकिटं आणि व्हिसाची कामं करताना असे फोन मला येतात. मागोमाग वडिलांचा येतो, "पोरगं तिथंच ऱ्हातंय, कार्ड बी हाय, मग अडवत्यात कशाला?"

अडवणारा माणूस सरकारी नसतो, हे आधी समजून घ्यायला हवं. युरोपबाहेरच्या प्रवाशांची कागदपत्रं सुरक्षा तपासणीआधी वेगळ्या खिडकीवर पाहून शिक्का मारायची पद्धत रायनएअरने पाडली. त्या खिडकीवर बसलेला कंपनीचा नाहीतर ठेकेदाराचा कर्मचारी. समोर बहुधा टिमॅटिक नावाची संगणक प्रणाली. पासपोर्ट कुठला, जायचं कुठे, हे भरलं की ती नियम दाखवते. चुकीचा प्रवासी नेला तर दंड कंपनीला बसतो. युरोपीय संघाच्या 2001 च्या निर्देशानुसार ज्या देशांनी किमान दंड ठरवलाय तिथे तो माणशी 3,000 युरोच्या खाली नाही, शिवाय परत आणायचा खर्च. आपल्याकडेही 2000 च्या कायद्यात एक लाख रुपयांचा दंड होता. तीस युरोच्या तिकिटासाठी कंपनी हा धोका का पत्करेल? म्हणून शंका आली की निकाल प्रवाशाच्या विरोधात जातो. मला हे अन्यायाचं वाटतं, पण घरून निघताना हेच गृहीत धरावं लागतं.

पैसे वाचवायला मुंबई ते पॅरिस एक तिकीट आणि पॅरिस ते डब्लिन दुसरं, असं जोडणाऱ्यांना मी आग्रहाने थांबवतो. दोन वेगळ्या तिकिटांत बॅग सहसा पुढे जात नाही. ती घ्यायला फ्रान्समध्ये प्रवेश करावा लागतो, आणि हातात व्हिसा फक्त आयर्लंडचा. मग मुंबईतच अडकतात.

आमच्या भागातली खरी अडचण मात्र नावांची. जतच्या पूर्वेला संख, उमदीकडे घरात कन्नड, शाळेत मराठी किंवा कन्नड आणि पासपोर्टवर इंग्रजी. सिद्धराय, मल्लाप्पा, गुरुबसवा ही नावं दाखल्यावर एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्याच. जुन्या बायकांच्या पासपोर्टवर कधी नुसतं नाव असतं, आडनावाची जागा कोरी. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर 2022 मध्ये एकेरी नावाच्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसाने येणाऱ्यांना रोखायला सुरुवात केली, तेव्हा दुबईत मुलाकडे निघालेल्या आयांची किती धावपळ झाली! नंतर शेवटच्या पानावर वडिलांचं किंवा कुळाचं नाव असल्यास चालेल, अशी सवलत आली. तरीही पासपोर्ट आधी दुरुस्त करावा आणि त्यातली अक्षरं जशीच्या तशी तिकिटावर उतरवावीत.

आणि कागद बरोबर असूनही नाकारलं तर? 2015 मध्ये कझाकस्तानचा एक प्रवासी सायप्रसच्या लार्नाकाहून बुखारेस्टला ब्लू एअर या स्वस्त कंपनीच्या विमानाने निघाला होता. त्याच्याकडे सायप्रसचा निवास परवाना होता, तरी त्याला चढू दिलं नाही. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. एप्रिल 2020 मध्ये न्यायालयाने सांगितलं की कागद अपुरे आहेत असं कंपनीने म्हटल्याने प्रवाशाचे हक्क आपोआप संपत नाहीत. नकार रास्त होता की नाही, हे न्यायालय तपासेल. आमच्या पोरांना हे माहीत नसतं. ती खिडकीवरून मुकाट्याने परततात, नवं तिकीट काढतात, बापाकडे पैसे मागतात. मी त्यांना सांगतो, नकाराचं कारण लेखी मागा, देत नसतील तर वेळ आणि खिडकी टिपून ठेवा, कंपनीला त्याच दिवशी ईमेल करा आणि न वापरलेला बोर्डिंग पास टाकू नका.