बर्मा-शेलचे काका

आषाढीला आमच्या पंढरपूरच्या वाड्यात उतरणाऱ्या दिंडीत माहूलच्या बर्मा-शेल रिफायनरीतले एक कामगार असत. गाव साताऱ्याकडचं, रजा वारीपुरती. कीर्तनाआधी पेट्रोमॅक्स पेटवायचं काम त्यांचंच. वाटीत स्पिरिट जाळायचे, नळी तापली की पंप मारायचे, आणि बत्ती फुरफुरायला लागली की मला विचारायचे, “माउली, हे रॉकेल कुणाचं, सांग बघू?”

मग १९६० सालची गोष्ट निघायची. रशियानं स्वस्तात, तेही रुपयांत, कच्चं तेल देऊ केलं. बर्मा-शेल, स्टॅनव्हॅक, कॅलटेक्स, तिन्ही परदेशी कंपन्यांनी ते शुद्ध करायला नकार दिला. स्वराज्य येऊन तेरा वर्षं झाली, तरी आपल्या चुलीचा भाव लंडन-न्यूयॉर्कला ठरत होता. मंत्री केशवदेव मालवीय हटले नाहीत. सरकारच्या नव्या इंडियन ऑइलसाठी रशियन डिझेल घेऊन ‘उझगोरोद’ जहाज १७ ऑगस्टला पीरपाव जेट्टीला लागलं. काकांच्या रिफायनरीच्या शेजारीच! पगार बर्मा-शेलचा आणि कौतुक रशियाच्या जहाजाचं, यात त्यांना काही वावगं वाटत नसे. तेलाच्या किमती तपासणाऱ्या दामले समितीचा १९६१चा अहवाल त्यांनी वाचला असेल असं मला वाटत नाही. पण बोलायचे असे, की दामले जणू त्यांच्याच दिंडीतले.

फेब्रुवारी १९७४मध्ये तेलविहिरी खोदणाऱ्या ‘सागर सम्राट’ला मुंबईच्या समुद्रात तेल लागलं. त्या आषाढीला काका वडिलांना म्हणाले, “अण्णा, पोराला माझ्याकडे धाडा. आता माणसं लागतील.”

चेंबूरच्या त्यांच्या एका खोलीत आधीच पाच माणसं होती. मी सहावा. काकू पहाटे उठून माझाही डबा करत. १९७६मध्ये बर्मा-शेल सरकारी झाली. “पाटी बदलली, पाळ्या त्याच,” एवढंच काका म्हणाले, पण पेढे मात्र अख्ख्या चाळीला वाटले. आजही आपण ऐंशी टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरूनच आणतो, तेव्हा पेढे जरा लवकरच वाटले म्हणायचे.

उरणला नोकरी लागल्यावर मी पैसे पुढे केले, तर काकू उखडल्या. “यांची वळकटी इतकी वर्षं तुमच्या ओसरीवर पडते, तुझ्या आईनं कधी भाडं मागितलं?”

मग मी गुपचूप त्यांच्या धाकट्याची कॉलेजची फी भरली. पुढच्या आषाढीला काकूंनी ती रक्कम, सुट्या पैशांसकट, आईच्या ओटीत घातली.